पुरावा न सोडणारा चढ

तळं सपाट असतं, यात तळ्याचं काही कर्तृत्व नाही. पण तळ्याकाठचा रस्ताही सपाटच असणार, ही अफवा कोणी उठवली याचा एकदा छडा लागायला हवा. आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी काउंटीत, किलार्नी नावाचं गाव आहे. त्याच्या दक्षिणेला तीन तळी: लॉख लेन, मक्रॉस आणि अपर लेक. नकाशात पाहिलं तर एन 71 हा रस्ता या तळ्यांच्या कडेकडेने जातो. पाहणाऱ्याला वाटतं, वा! डावीकडे झाडी, उजवीकडे पाणी आणि आपण मधून शीळ वाजवत सायकल हाणतोय.

प्रत्यक्षात हिमयुगात बर्फाने हा सगळा मुलूख खरवडून काढला. जिथे खड्डे झाले तिथे तळी साठली आणि खरवडलेला मालमसाला सुचेल तिथे टाकून बर्फ वितळून निघून गेला. त्या टेकाडांवरून आता रस्ता जातो. तो तळ्याला भेटायला खाली उतरतो, दोन मिनिटं थांबतो आणि काहीतरी बिनसल्यासारखा पुन्हा वर चढतो. असं मक्रॉसपर्यंत, तिथून टॉर्क धबधब्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे. उताराचा वेग पुढच्या चढाला कामी येईल असं दरवेळी वाटतं, पण नेमक्या त्या क्षणी रस्ता वळण घेतो आणि वळणावर हरणं बघायला थांबलेली मोटार उभी असते. इथल्या ओकच्या जंगलात तांबडी हरणं आहेत. ती मी अजून नीट पाहिलेली नाहीत. मला दिसतं ते पुढच्या चाकासमोरचं चार फूट डांबर.

मी कॉर्कमध्ये औषधाच्या एका कारखान्यात नोकरी करतो. या देशात 2009 पासून एक योजना आहे: कामावर जाण्यासाठी सायकल घेतली तर तेवढ्या पगारावर कर लागत नाही. मीही घेतली. गेल्या काही वर्षांत ती सायकल कामावर सोडून सगळीकडे जाऊन आली आहे. सायकल घेतली की क्लब येतो, क्लब आला की रविवार जातो आणि रविवार गेला की बायको बोलते, हा क्रम मात्र वाईत असतो तरी हाच राहिला असता.

हो, मी मूळचा वाईचा. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथे आहे. कारण किलार्नीहून निघून तळी मागे टाकत चोवीस-पंचवीस किलोमीटरवर मॉल्स गॅप ही खिंड येते, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची अडीचशे मीटरच्या थोडी वर. आणि वाईचा मेणवली रस्ता, जिथे अण्णा संध्याकाळी चप्पल घालून फिरायला जातात, तो सातशेच्या आसपास. पहिल्यांदा मी ती खिंड चढून वरून फोन केला, तेव्हा अण्णांनी शांतपणे आकडा विचारून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या अंगणापेक्षा खालीच आहेस की रे तू अजून."

पुढे त्यांनी चौकशीच लावली. आयर्लंडचं सर्वांत उंच शिखर कॅरनटूहिल, ते याच भागात आहे, उंची 1039 मीटर. ते पाचगणीच्या शेजारी आणून उभं केलं तर टेबललँडवरची घोडी त्याच्याकडे वाकून बघतील, हे वाक्य अण्णांनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं आणि त्याला आत्याने हसण्याची अकरा चित्रं लावली. शिवाय अण्णा तरुणपणी पसरणीचा घाट सायकलने चढत. बिनगिअरची काळी सायकल, मागे कॅरिअरवर गव्हाचं पोतं. मी लहान असताना ते पोतं दहा किलोचं होतं. आता ते पन्नासचं झालं आहे आणि हल्ली त्यावर काकाही बसलेला असतो.

मी समजावून पाहिलं. अण्णा, वाई समुद्रापासून उंच आहे, पण तुम्ही समुद्रापासून चढत नाही, अंगणातून चढता. इथलं तळं समुद्राच्या जेमतेम वीसेक मीटर वर आहे, त्यामुळे मी जे चढतो ते सगळं मला स्वतःलाच चढावं लागतं. यावर ते म्हणाले, "बरं, फोटो पाठव."

तिथेच घात होतो. हा रस्ता 1820 च्या दशकात बांधला, तो घोडागाड्यांसाठी. घोड्याला झेपेल असाच चढ ठेवायचा, म्हणून इंजिनिअरने तो डोंगराच्या अंगाने लांबच लांब ओढला. शंभर मीटर पुढे गेलात की तीन मीटर वर, कधी त्याहून कमी. डोळ्याला हे दिसत नाही, कॅमेऱ्याला तर नाहीच. मांड्यांना मात्र पै-पैचा हिशोब कळतो. आपण सपाटीवर चाललोय अशी खात्री असते आणि तरी वेग ताशी अकरा का, ते समजत नाही. मी उतरून ब्रेक घासतोय का बघितलं, टायर दाबून बघितला. काही नाही. फोटो काढला. फोटोत अतिशय सुंदर, गुळगुळीत, सपाट रस्ता आला आणि त्याच्या कडेला लालबुंद चेहऱ्याचा एक इसम, कोणीतरी पाठलाग केल्यासारखा. ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया आईची: "बरं नाहीये का तुला?"

माझ्यासोबत असतात ते क्लबातले पोस्टमनकाका. या देशात ऐंशी वर्षांच्या माणसालाही एकेरी नावाने हाक मारतात, ते माझ्याने होत नाही. मी मनातल्या मनात काका म्हणतो आणि तोंडाने नुसताच घसा खाकरतो. काका सत्तरीच्या पुढचे. हयातभर याच भागात टपाल वाटलं, त्यातली बरीच वर्षं सायकलवरून. ते शेजारी चालतात, पण त्यांचं पुढचं चाक माझ्या चाकाच्या अर्धा हात पुढे असतं. मी जोर लावून बरोबरीला आलो की त्यांचं पुन्हा अर्धा हात पुढे. त्यांना याचा पत्ताही नसतो. त्यांचं लक्ष गप्पांत.

सपाटीवर ते गप्प असतात. चढ लागला की त्यांना भारताविषयी जिज्ञासा निर्माण होते, आणि प्रश्न असे, की हो-नाहीवर भागत नाही. "मला एक सांग, तुमच्या क्रिकेटमध्ये पाच दिवस खेळूनही निकाल लागत नाही, तो कसा काय?" या प्रश्नाला उत्तर द्यायला पूर्ण फुप्फुसं लागतात. मी म्हटलं, "पाऊस." एवढंच परवडत होतं. त्यांना ते इतकं पटलं, की पुढचे तीन किलोमीटर ते पावसावर बोलले.

पावसावर बोलायला तिथे तोटा नाही. महाबळेश्वरचा पाऊस मला ठाऊक आहे. तो चार महिन्यांत वर्षाचा व्यवहार रोखीने उरकतो आणि जातो. केरीचा पाऊस हप्त्याने येतो, हप्ता कधी चुकत नाही आणि मुद्दल कधी फिटत नाही. म्हणून हिवाळ्यात क्लबात सायकलला मडगार्ड नसेल तर सगळ्यांच्या शेवटी राहायचं हा नियम आहे. नाहीतर तुमच्या मागच्या चाकाचं पाणी मागच्याच्या तोंडात. सप्टेंबर लागला की आणखी एक भानगड. पक्ष्यांच्या विणीसाठी मार्च ते ऑगस्ट रस्त्याकडेची कुंपणं छाटायला बंदी असते. बंदी उठली की शेतकरी यंत्र घेऊन बाहेर पडतात आणि काटेरी झुडपांचा चुरा रस्त्यावर. पंक्चर काढताना मी पक्ष्यांविषयी फार चांगले विचार करत नाही.

वाटेत कातळातून कोरलेला एक छोटा बोगदा आहे. तो ओलांडला की लेडीज व्ह्यू. 1861 मध्ये व्हिक्टोरिया राणी इथे आली होती, तिच्या दासींना हा देखावा फार आवडला, म्हणून हे नाव. खाली अपर लेक, पलीकडे डोंगरांवर डोंगर. देखावा खरोखरच असा आहे, की मी दम खायला थांबलोय हे कोणाला कळत नाही. त्या बायका बग्गीतून आल्या होत्या, एवढंच इथे नोंदवून ठेवतो.

तिथून पुढे मॉल्स गॅप. तोवर दुपार झाली तर टूरच्या बसेस समोरून येतात. रिंग ऑफ केरी या पर्यटकांच्या गोल रस्त्याच्या फेरीवर अरुंद जागी दोन बसेस समोरासमोर अडकू नयेत म्हणून सगळ्या एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट फिरतात. म्हणजे दिवस चढला की खिंडीतून किलार्नीकडे त्यांची रांग उतरते आणि आपण कुंपणात अर्धे शिरून ती संपायची वाट पाहतो. त्यातही सुख असतं. तेवढाच वेळ एक पाय जमिनीवर.

खिंडीला नाव पडलं ते मॉल किसेन नावाच्या बाईवरून. रस्ता बांधला जात होता तेव्हा तिचं इथे विनापरवाना दारूचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक म्हणजे रस्त्याचे मजूर. या माहितीने मला फार बरं वाटलं. इंजिनिअरच्या कागदावर चढ कितीही सौम्य असो, तो प्रत्यक्ष खणणाऱ्यांना काय लागत होतं याची ही ऐतिहासिक नोंद आहे. मी काकांना तसं म्हणालो. काका म्हणाले, "अरे, पण चढ कुठे होता?"

परतीला आलो त्याच वाटेने उतरून आलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण काकांना एकच रस्ता दोनदा बघायचा कंटाळा. स्नीमच्या दिशेने थोडं जाऊन उजवीकडे वळलं की अरुंद रस्ता ब्लॅक व्हॅलीत उतरतो. मध्यभागी गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना मेंढ्या. मेंढ्यांच्या पाठीवर मालकाची खूण म्हणून निळा, लाल रंग फासलेला. मेंढी शेवटच्या क्षणापर्यंत निर्णय घेत नाही आणि घेतला की तो चुकीचा असतो. या खोऱ्यात वीज आली ती 1970 च्या दशकात, देशात जवळजवळ सर्वांत शेवटी. काका म्हणाले, इथे टपाल टाकायला यायचं म्हणजे मजा असायची. मजा म्हणजे काय, ते मला लगेचच कळलं. चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात उतरणं सोपं असतं.

बाहेर पडायचा रस्ता गॅप ऑफ डनलो या खिंडीतून जातो. इथे कोणी घोड्याचा विचार केलेला नाही. रस्ता वळतो आणि उभा राहतो, वळतो आणि उभा राहतो. सगळ्यात हलका गिअर घातला, तरी बोट पुढचा गिअर शोधतच राहिलं. पोटरीत गोळा आला. काकांना आता आमच्याकडच्या लग्नपद्धतीविषयी जाणून घ्यायचं होतं. पण मी आतून आनंदात होतो, कारण हा चढ दिसत होता! कोणालाही, अगदी वाईतसुद्धा दिसेल असा. एका वळणावर उतरलो, फोन काढला, आणि डोंगरावरून ढग खाली आला. फोटोत पांढरा रंग आला. शांतपणे पाच मिनिटं थांबलो. आणखी पांढरा आला.

खिंडीच्या माथ्यावर दगडी बांधावर पडून होतो, तेव्हा पलीकडच्या बाजूने एक टांगा वर आला. डनलोमध्ये पर्यटकांसाठी घोड्यांचे टांगे आहेत, हाकणाऱ्याला जार्व्ही म्हणतात. टांगा रिकामा होता. मागून अमेरिकन कुटुंब पायी चालत येत होतं. चढ अवघड म्हणून जार्व्हीने त्यांना खाली उतरवलं होतं, घोडा दमतो म्हणून. त्यातल्या बाईंनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, 'बिच्चारा' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटल्या आणि पिशवीतून सफरचंद काढलं. घोडा माझ्याइतकाच उंच आला होता. त्याला पाय चार होते. माझ्याकडे पाहून जार्व्ही म्हणाला, "छान दिवस आहे सायकलला."

उतारावर तळ्यांमागून तळी आणि रस्ताभर घोड्यांची लीद. यातल्या एका तळ्यात संत पॅट्रिकने आयर्लंडमधला शेवटचा साप बुडवला अशी दंतकथा आहे. पायथ्याशी केट कर्नी या बाईच्या नावाची जुनी खानावळ लागते. ही केटही बिनपरवान्याची दारू विकायची! म्हणजे या वाटेच्या एका खिंडीत मॉल आणि दुसऱ्या खिंडीच्या तोंडाशी केट. जिथे चढच नाही, तिथे दोन्ही टोकांना ही सोय लोकांनी उगाच करून ठेवली का?

हा मुद्दा बिनतोड होता. सूप मागवलं, रेंज आलेली होती, लगेच वाईला फोन लावला. अण्णांना सगळं सांगितलं. खोरं, ढग, मॉल, केट, आणि चढ असा, की घोड्यालासुद्धा झेपेना म्हणून माणसांना खाली उतरवावं लागलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, पटलं एकदाचं.

"अरेरे," अण्णा म्हणाले. "मग पाणीबिणी पाजलं का रे त्याला कोणी?"