आतड्यांचा आजार आहे म्हणून व्यायाम बंद? अजिबात नको

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्यांना दीर्घकाळ सूज येणारे आजार) असेल तर व्यायाम करू नका, आतड्यांना धक्का बसून रक्त पडतं; मोबाइलवर बघून घरी केलेला व्यायाम तर आणखी धोक्याचा; त्यापेक्षा रोज कपालभाती करा, गोळ्या सुटतील. मुंबईत आम्हा रुग्णांच्या घरोघरी तो पोचलाय आणि काळजीपोटी आयाच मुलांना "तू पडून राहा" म्हणताहेत. म्हणून हे लिहिते आहे.

आधी धक्क्याचं. आजार आटोक्यात असताना मध्यम व्यायामाने तो उसळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. २०१५ च्या एका अमेरिकी पाहणीत उलट चित्र होतं: क्रोन्स शांत असलेल्यांपैकी जे जास्त व्यायाम करत, त्यांच्यात सहा महिन्यांनी आजार उसळण्याचं प्रमाण कमी आढळलं. ते व्यायामामुळेच, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण धक्क्याची भीती त्यात कुठेच बसत नाही. नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९२ मध्ये कोलायटिसचं निदान झालं, आणि १९९६ व २००० मध्ये त्यांनी ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. खरं एवढंच, की फार लांब आणि दमछाक करणाऱ्या धावण्यात आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून वेग असा ठेवायचा, की चालता चालता बोलता आलं पाहिजे.

पडून राहण्याची किंमत मात्र कोणी सांगत नाही. औषध म्हणून घेतलेल्या स्टिरॉइडने आधीच हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात. या आजारात शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचा धोका मुळातच जास्त, आणि आजार उसळलेला असताना तो आणखी वाढतो. म्हणजे त्या दिवसांतही झेपेल तेवढं घरातल्या घरात चालणं बरं. ब्रिटनमध्ये क्रोन्सच्या ४७ रुग्णांवर सहा महिन्यांची चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आले. सुरुवातीला देखरेखीखाली आणि पुढे बराचसा घरीच, उड्या आणि वजनांचा व्यायाम. व्यायाम करणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता आणि स्नायूंची ताकद दोन्ही सुधारली.

मग घरचा व्यायाम धोक्याचा कसा? आमच्यासाठी तर तोच सोयीचा. कळ आली की थांबता येत नाही, आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. बोरिवलीहून दादरच्या जिमला जायचं म्हटलं की भीती प्रवासाचीच. घरी संडास चार पावलांवर, व्हिडिओ कॉल थांबवून जाता येतं, कोणी विचारत नाही. जागा लहान असली तरी खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, इलास्टिकचा पट्टा एवढ्याने सुरुवात होते. फक्त रील बघून केलेला व्यायाम आणि फिजिओथेरपिस्टने समोरून बघत घेतलेला वर्ग यांत मोठा फरक आहे. चांगला फिजिओ आधी हिमोग्लोबिन विचारतो, ऑपरेशन झालंय का, स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेलं छिद्र) आहे का, हे विचारतो आणि त्याप्रमाणे पोटावरचा ताण ठरवतो.

नेमका हाच विचार कपालभातीच्या सल्ल्यात नाही. आजार उसळलेला असताना किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर लगेच पोटाला जोरजोरात झटके देणं टाळायचं असतं. आणि गोळ्या कोणत्याच व्यायामाने सुटत नाहीत. लक्षणं गेली तरी आत सूज राहू शकते. डॉक्टर मलातल्या कॅलप्रोटेक्टिनची (आतड्यांतली सूज दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी सांगतात ती त्यासाठीच. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मजकूर वाचून ज्यांनी गोळ्या थांबवल्या असतील, त्यांनी कृपा करून आजच आपल्या डॉक्टरांना फोन करावा.