डबल्स म्हणजे अर्धं टेनिस?

काल म्हापशात भाजी-पाव खाताना मित्राने परत तेच काढलं, "लिएंडर पेस ग्रेट कसला रे, सगळे ग्रँडस्लॅम डबल्सचे, सिंगल्सला रँकिंगमध्ये ७३ च्या वर गेलाच नाय." तेव्हा तोंडात मिरची होती म्हणून गप्प बसलो, आता इथे लिहितो.

७३ खरं. सिंगल्सचं एटीपी टायटल पण एकच, १९९८ चं न्यूपोर्ट. पण त्याच वर्षी न्यू हेवनच्या स्पर्धेत विम्बल्डन चॅम्पियन सॅम्प्रसला सरळ सेटमध्ये घालवला, ते कुणी काढत नाही. आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचं ब्राँझ सिंगल्सचंच ना? सेमीत आगासीकडून हरलेला, मनगट दुखावलेलं, ब्राँझच्या मॅचला ब्राझीलच्या मेलिजेनीसमोर पहिला सेट गेला आणि तिथून ३-६, ६-२, ६-४. खाशाबा जाधवांच्या १९५२ नंतर आपलं पहिलं वैयक्तिक मेडल! पप्पांनी पेपरातला फोटो भाताच्या शितांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, अजून आहे, अर्धा कसरीने खाल्लाय. पप्पांना मात्र जास्त कौतुक लिएंडरच्या वडिलांचं, वेस पेसांचं, गोंयकार माणूस, १९७२ ला म्युनिकला हॉकीचं ब्राँझ.

आता डबल्स. त्याची सर्व्हिस काय तोफ नव्हती, बॅकहँड तर जेमतेमच. पण पार्टनर सर्व्हिस करताना नेटजवळचा लिएंडर बघा. समोरचा बॉलवर नजर टेकवून रॅकेट फिरवायला लागला की हा तेवढ्यात आडवा घुसतो, आणि रिटर्न येतो तो थेट याच्या व्हॉलीवर. अर्धा सेकंद लवकर निघाला तर समोरचा मोकळ्या बाजूने लाईनवर मारणार, उशिरा निघाला तर बॉल गेलाच. हे अर्धं टेनिस? पुरुष डबल्सचे ८ आणि मिक्स्डचे १० ग्रँडस्लॅम काय नुसत्या नशिबाने येत नाहीत, पार्टनर मार्टिना नवरातिलोवासारखी दिग्गज असली तरी.

महेश भूपतीबरोबर १९९९ ला चारही ग्रँडस्लॅमच्या फायनल, त्यातल्या दोन जिंकल्या, आणि २०१२ ला लंडन ऑलिंपिकला भूपती एकत्र खेळायला तयार नाही! दोघांच्याही डोक्यात हवा, माझं स्पष्ट मत.

तर शेवटी मित्राला मोबाईलवर २०१५ ची विम्बल्डन मिक्स्ड फायनल लावून दिली, ६-१, ६-१, चाळीस मिनिटांत खेळ खल्लास, लिएंडर तेव्हा ४२ चा, पार्टनर मार्टिना हिंगिस. चहा गार होईपर्यंत बघत बसला. मग म्हणतो, "हिंगिस बरी खेळता मरे."