प्रवीण तांबे ‘अचानक’ सापडले नव्हते

आयपीएलचा हंगाम जवळ आला की मुंबईचे फिरकी गोलंदाज प्रवीण तांबे यांच्याविषयीचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. वयाच्या ४१व्या वर्षापर्यंत त्यांनी क्रिकेट गांभीर्याने खेळलेच नव्हते, राहुल द्रविड यांची नजर पडली आणि नशीब उघडले, त्यांची हॅट्‌ट्रिक (सलग तीन चेंडूंवर तीन बळी) वाइड चेंडूच्या कृपेने झाली, आणि पुढे वय झाले म्हणून त्यांना आयपीएलमधून बाद करण्यात आले, असा त्याचा सारांश. लिहिणाऱ्याचा हेतू कौतुकाचा असेल, परंतु त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिल्या विधानाला खऱ्याचा थोडा आधार आहे. २०१३ साली राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरण्यापूर्वी तांबे यांनी प्रथम श्रेणीचा, म्हणजे रणजीसारखा अनेक दिवसांचा, एकही सामना खेळलेला नव्हता. मात्र प्रथम श्रेणी न खेळणे म्हणजे क्रिकेटच न खेळणे, असा अर्थ निदान मुंबईत तरी कोणी काढू नये. तांबे कंपन्यांच्या स्पर्धांमध्ये ओरिएंट शिपिंगकडून आणि पुढे डी. वाय. पाटील संघाकडून खेळले. सुरुवातीला ते मध्यमगती गोलंदाज होते. ओरिएंट शिपिंगच्या कर्णधाराच्या सल्ल्यावरून ते लेगस्पिनकडे, म्हणजे मनगटाच्या फिरकीकडे, वळले. मुंबईतली कांगा लीगही ते खेळले. १९४८ पासून भर पावसाळ्यात भरणाऱ्या या स्पर्धेत खेळपट्टी झाकलेली नसते, गवत गुडघ्याकडे झेपावत असते आणि सीमारेषेवरून परत आलेला चेंडू इतका भिजलेला असतो की पँटला पुसून पुसून पँट चिखलाने माखते, तरी शिवण बोटांना लागत नाही. मनगटाने चेंडू वळवणाऱ्यासाठी याहून कठीण शाळा नाही, आणि दव पडलेल्या रात्री वीस षटकांच्या सामन्यात तांबे यांचा टप्पा का ढळत नसे, याचे उत्तर मला तरी याच मैदानांत सापडते.

मग मुंबईने त्यांना आधी का घेतले नाही? या प्रश्नावर लगेच राजकारणाचा संशय घेतला जातो. तांबे यांच्या ऐन उमेदीच्या वर्षांत मुंबईच्या संघात साईराज बहुतुले होते, ज्यांच्या नावावर प्रथम श्रेणीत ६३० बळी आहेत; त्यांच्या जोडीला डावखुरे नीलेश कुलकर्णी आणि ऑफस्पिनर रमेश पोवार. संघात एक लेगस्पिनर पाय रोवून उभा असताना दुसऱ्याला जागा मिळणे किती अवघड असते, हे मैदानावर वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

द्रविड यांचे श्रेय मोठेच आहे, कारण चाळिशी उलटलेल्या अनोळखी गोलंदाजाच्या हाती चेंडू द्यायला राजस्थानचे कर्णधार असलेल्या द्रविड यांच्याकडे धाडस लागलेच. परंतु संधी मिळाल्यावर बळी तांबे यांनाच घ्यायचे होते. २०१३ च्याच चॅम्पियन्स लीग टी-२० स्पर्धेत त्यांनी पाच सामन्यांत १२ बळी घेतले आणि स्पर्धेत त्यांच्याहून जास्त बळी कोणालाही मिळाले नाहीत. मुंबईकडून रणजी पदार्पण त्यानंतर झाले. आधी आयपीएल आणि मग रणजी, असा हा उलटा क्रम होता.

आता हॅट्‌ट्रिक. ५ मे २०१४ रोजी अहमदाबादला कोलकाता नाइट रायडर्स १७१ धावांचा पाठलाग करताना बिनबाद १२१ वर होते. शेन वॉटसन यांनी एका षटकात तीन बळी घेतले आणि पुढचे षटक तांबे यांच्याकडे आले. त्यांचा पहिलाच चेंडू गुगली, म्हणजे लेगस्पिनच्या उलट दिशेने वळणारा, होता. मनीष पांडे पुढे सरसावले, चेंडू त्यांना चकवून वाइड गेला आणि संजू सॅमसन यांनी यष्ट्या उडवल्या. युसूफ पठाण यांचा झेल तांबे यांनी स्वतःच टिपला आणि रायन टेन डोशाटे पायचीत झाले. धावफलकावर ६ बाद १२३. वाइड चेंडूवर फलंदाज यष्टिचीत होऊ शकतो आणि तो बळी गोलंदाजाच्याच खात्यात जमा होतो, हा नियम आहे; त्यात कृपा कसली? पुढे आलेल्या फलंदाजापासून चेंडू दूर नेणे हा तर फिरकी गोलंदाजाचा जुना डाव आहे. राजस्थानने तो सामना १० धावांनी जिंकला आणि सामनावीर तांबे ठरले.

उरले वयाचे कारण. २०२० च्या लिलावात कोलकात्याने ४८ वर्षांच्या तांबे यांना २० लाखांना घेतले होते, म्हणजे वय कोणालाच आड आले नव्हते. पण ते आधी परदेशातल्या टी-१० (दहा षटकांच्या) लीगमध्ये खेळले होते आणि भारतीय क्रिकेट बोर्डाच्या नियमानुसार अशा भारतीय खेळाडूला आयपीएलमध्ये खेळता येत नाही, म्हणून ते बाहेर राहिले. हा नियम योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण वयाशी त्याचा संबंध नाही. त्याच वर्षी ते त्रिनबागो नाइट रायडर्सकडून कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये खेळले. त्या लीगमध्ये उतरलेले ते पहिले भारतीय क्रिकेटपटू होते, आणि त्या हंगामात त्यांच्या संघाने बाराच्या बारा सामने जिंकले.