नर्सचा हेल्थ प्लॅन पुरेसा नाही, ५०४ मागा

अमेरिकेत शाळा सुरू व्हायच्या आधी मराठी पालकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: मुलाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी आहे, शाळेत काय काय द्यायचं? उत्तरंही ठरलेली असतात. एपिपेन (एपिनेफ्रिन या औषधाचं तयार इंजेक्शन) द्या, डॉक्टरांचा फॉर्म द्या, टीचरशी गोड बोलून ठेवा. पहिली दोन कामं करायचीच आहेत. आक्षेप तिसऱ्याला आहे. गोड बोलून मिळालेली सोय टीचर बदलली की जाते.

त्यापेक्षा कायद्याने बांधणारा लेखी प्लॅन मागा, त्यालाच ५०४ म्हणतात. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ डिसॅबिलिटीवरून भेदभाव करू देत नाही. ते केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळांना लागू आहे, म्हणजे सगळ्या पब्लिक स्कूल त्यात आल्या. खाणं आणि श्वास घेणं या कायद्याच्या नजरेत मूलभूत क्रिया आहेत. २००८ च्या दुरुस्तीने दोन पळवाटा बुजवल्या. त्रास अधूनमधून होत असेल, तर तो उठतो तेव्हा किती गंभीर असतो ते बघायचं. आणि औषधाने तो आटोक्यात राहतो, हे पात्रता ठरवताना धरायचं नाही. त्यामुळे ‘अजून शाळेत कधी रिॲक्शन आली नाही ना?’ किंवा ‘मुलाचे ग्रेड्स तर उत्तम आहेत’ ही कारणं टिकत नाहीत.

नर्स जो हेल्थ प्लॅन बनवते तो उपयोगाचा असतो, पण तेवढ्यावर शाळेची जबाबदारी संपत नाही. तो नर्सचा कागद आहे. ५०४ मध्ये नोटीस, रेकॉर्ड बघण्याचा हक्क, त्रयस्थ सुनावणी हे सगळं येतं. नर्सचा प्लॅन ५०४ ला जोडायचा, त्याच्या जागी घ्यायचा नाही. ‘डिसॅबिलिटी’चा शिक्का पुढे कॉलेजला दिसेल, या भीतीने मागे हटणारे बरेच आहेत. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर अशी नोंद करता येत नाही, तेव्हा ती भीती सोडा.

मागणी लेखीच करा. प्रिन्सिपल आणि डिस्ट्रिक्टचा ५०४ कोऑर्डिनेटर, दोघांना एकच ईमेल: ‘कलम ५०४ खाली माझ्या मुलाचं इव्हॅल्युएशन करावं ही विनंती.’ सोबत ॲलर्जिस्टचं पत्र. ‘पीनट ॲलर्जी, एपिपेन द्यावं’ एवढ्याने भागत नाही. कोणते पदार्थ, आधी काय झालं, ॲनाफिलॅक्सिसचा (जिवावर बेतणाऱ्या तीव्र रिॲक्शनचा) धोका आहे का आणि खाणं, श्वास, प्रतिकारशक्ती यांवर काय परिणाम होतो, हे पत्रात हवं.

खरी मेख प्लॅनच्या भाषेत असते. ‘शक्यतो’, ‘गरजेनुसार’, ‘प्रयत्न केला जाईल’ हे शब्द दिसले की थांबा. ‘वर्गात ॲलर्जीबाबत काळजी घेतली जाईल’ या वाक्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी: ‘जेवणाआधी लंच एड टेबल साबणाच्या पाण्याने व स्वतंत्र फडक्याने पुसेल. वर्गातली सगळी मुलं खाऊन झाल्यावर साबणाने हात धुतील किंवा वाइपने पुसतील.’ साबण किंवा वाइप हे मुद्दाम लिहून घ्या. हँड सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रोटीन हातावरच राहतं.

गडबड कुठे होते? सब टीचर (बदली शिक्षिका) आली आणि तिच्या फोल्डरमध्ये प्लॅनच नव्हता. एपिनेफ्रिन नर्सच्या खोलीत कुलपात आणि नर्स दुपारी दुसऱ्या शाळेत. बसचा ड्रायव्हर आणि आफ्टर-केअर बाहेरच्या कंत्राटदाराचे, त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. आर्ट क्लासमध्ये अंड्यांचे रिकामे खोके, प्ले-डोमध्ये गहू, सायन्समध्ये पीनट बटर लावलेला बर्ड फीडर. वाढदिवसाच्या कपकेकवर सगळ्यांचं लक्ष असतं, पण बक्षीस म्हणून वाटलेल्या चॉकलेटवर नसतं. यातली प्रत्येक जागा प्लॅनमध्ये नावानिशी यायला हवी. फील्ड ट्रिपला ‘आई-बाबांपैकी कुणी आलं तरच नेऊ’ अशी अट घालता येत नाही. प्रशिक्षित माणूस शाळेनेच द्यायचा.

आणीबाणीचा भाग छोटा आणि स्पष्ट हवा: इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यांवरून चालतं, एपिपेन असेल तर ३ सेकंद दाबून धरायचं, मग ९११. मुलाला आडवं ठेवायचं, चालवत नर्सकडे न्यायचं नाही. श्वास लागत असेल किंवा उलटी होत असेल, तर बसवायचं किंवा कुशीवर वळवायचं. लक्षणं कमी झाली नाहीत तर साधारण ५ मिनिटांनी दुसरा डोस, म्हणून दोन इंजेक्टर एकत्र हवेत. ‘आधी बेनाड्रिल (ॲलर्जीचं साधं औषध) देऊन बघू’ हे वाक्य प्लॅनमध्ये येऊ देऊ नका. त्याने ॲनाफिलॅक्सिस थांबत नाही, वेळ मात्र जातो. डोस वजनावर ठरतो: ०.१५ मिलिग्रॅम साधारण १५ ते ३० किलोंना, पुढे ०.३. बरेच डॉक्टर २५ किलोंनाच मोठा डोस देतात. मूल वाढतं आणि शाळेत जुनंच इंजेक्टर पडून राहतं, हे फार वेळा होतं.

आपल्या घरांसाठी एक वेगळी अडचण. अमेरिकन लेबल कायद्यात नऊच ॲलर्जन (ॲलर्जी करणारे पदार्थ) आहेत. तीळ त्यात १ जानेवारी २०२३ पासून आला. हरभरा, मसूर, मोहरी त्यात नाहीत. मोहरी तर नुसत्या ‘स्पाइसेस’ या शब्दाखाली जाऊ शकते. अशा पदार्थांची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या बाबतीत कॅफेटेरियाचा छापील ॲलर्जन चार्ट अपुरा पडतो. सरकारी योजनेतलं जेवण असेल तर डॉक्टरांचं लेखी स्टेटमेंट द्या: काय वर्ज्य, का, आणि त्याऐवजी काय. बदललेल्या जेवणाचे जादा पैसे घेता येत नाहीत.

संपूर्ण शाळा ‘नट-फ्री’ करा, या मागणीत मी जोर घालवणार नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांवर २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात पीनट-फ्री शाळांमध्ये एपिनेफ्रिनचा वापर कमी दिसला नाही, पीनट-फ्री टेबल असलेल्या शाळांत मात्र तो कमी दिसला. पण त्या टेबलावर आपलं मूल एकटं बसवलं जात असेल तर ती शिक्षा झाली. सुरक्षित डबा आणणारे मित्रही तिथे बसतील, हे लिहून घ्या.

शाळेने नकार दिला तर कारण लेखी मागा, मग डिस्ट्रिक्टकडे तक्रार. शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे जायला घटनेपासून १८० दिवस असतात. २०२५ मध्ये त्यांच्या १२ पैकी ७ प्रादेशिक कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा तिथून झटपट निकालाची आशा धरू नका. मुदत मात्र चुकवू नका. फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने कळवा, म्हणजे तारखेचा पुरावा हाताशी राहतो.