आजोबांच्या बॅटरीचा जीर्णोद्धार

माळ्यावर आजोबांची बॅटरी पडलेली असेलच. बॅटरी म्हणजे टॉर्च हो. 'विजेरी' फक्त पाठ्यपुस्तकात लागते. मुलामा उडालेली पितळी नळी, सरकवायचं बटण, पोटात दोन जाडे सेल. उजेड असा, की आपल्याला साप दिसायच्या आधी सापाला आपण दिसावं.

अशी वस्तू घरात ठेवायची म्हणजे लाजच. तेव्हा तिच्यात एलईडी मॉड्यूल, म्हणजे सर्किटसकट तयार एलईडी दिवा, बसवा. शे-दीडशे रुपयांत घरपोच येतं आणि खोक्यावर 'नव्वद हजार लुमेन' लिहिलेलं असतं. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. मोटारीचा हॅलोजन दिवा हजार-दीड हजार लुमेन देतो. म्हणजे किमान साठ दिव्यांचा उजेड आता तुमच्या मुठीत. आतल्या उजेड देणाऱ्या चिपचं नाव 'एक्सएम-एल टी६'. मुळात ते क्री या अमेरिकन कंपनीच्या चिपचं, पण बारशाला कुणी कुणाची परवानगी घेतं का?

जुना बल्ब अर्धा अँपिअर प्यायचा, साधारण सव्वा वॅट. ही चिप खरी निघालीच तर पूर्ण जोरात तीन अँपिअर घेते, म्हणजे दहा वॅटच्या घरात. प्रवाह सहापट झाला की प्रत्येक सांध्यातली उष्णता छत्तीसपट होते, असं दहावीच्या पुस्तकात ज्यूलच्या नावावर आहे. बटणाखालची पितळी पट्टी दहावी झालेली नाही. तिला सांगायला जाऊ नका.

जुन्या बल्बची बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर काचेतून पुढे निघून जायची. एलईडीची मागे, बुडाशी उतरते. तिथून ती धातूच्या अंगात जायला हवी, पण मॉड्यूल नळीत सैल बसतं आणि मधे राहते हवा. काही रिकामटेकडे लोक त्याला तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळून घट्ट बसवतात. तुम्ही वर्तमानपत्राची घडी कोंबा, खुळखुळ थांबल्याशी मतलब. पाच मिनिटांनीही बॅटरी बाहेरून गारच लागली तर शेजाऱ्यांना हात लावून दाखवा. सगळी उष्णता आतच आहे, एक कणही वाया गेलेला नाही. प्लास्टिकच्या बॅटरीत तर याहून छान बचत होते.

आता सेल. जाड्या सेलचा दोष असा, की त्याच्या अंगात जोरच नाही. कुठे शॉर्ट झालं तर बिचारा गरम होतो, गळतो आणि मरतो. आजोबांना वाटायचं बॅटरी मजबूत आहे. खरं म्हणजे ती अशक्त होती, म्हणून त्यांचं कधी काही बिघडलं नाही. लिथियमचा १८६५० असा मेंगळट नाही. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. भंगारात जुन्या लॅपटॉपमधून सोडवलेले मिळतात, किंवा '९९०० एमएएच' छापलेले नवे घ्या. एमएएच म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचं माप. या आकाराच्या उत्तमातल्या उत्तम सेलमध्ये साडेतीन-चार हजारच मावतात, पण छापायला शाई तेवढीच लागते. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो, तेव्हा स्वयंपाकघरातला काटा या कामापासून लांब ठेवलेला बरा.

एक नवा, एक जुना अशी जोडी लावा. दुबळा आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला शून्याच्याही खाली फरपटत नेतो. विजोड संसारात दुसरं काय होतं? वरचं प्लास्टिकचं आवरण फाटलं असेल तर दुर्लक्ष करा. सेलचा सगळा डबा म्हणजे ऋण टोक, वर धन टोकाच्या कडेपर्यंत पोचलेलं. मधे काय ती वीज अडवणारी एक चकती. बॅटरीची पितळी नळीही ऋणच. आवरण फाटलं की धन टोकाची टिकली आणि ती कड यांत फक्त तुमची पुण्याई उरते.

दोन जाडे सेल मिळून १२३ मिलिमीटर, दोन १८६५० मिळून १३०. टोपीचे आटे लागत नाहीत. जोर लावा! लागले की रबरी रिंग घालून नळी पाणबंद करा, म्हणजे सेल भडकलाच तर वायूला बाहेर पडायला फट सापडायची नाही. दोन्ही तोंडं बंद केलेली धातूची नळी आणि आत पेटणारा माल. दिवाळीत यासाठी आपण कागदी नळीवर समाधान मानतो.

रात्रपाळीच्या लाईटवर पाणी द्यायला जाणाऱ्यांसाठी यात खास सोय आहे. स्वस्त मॉड्यूलला पाच तऱ्हा असतात: मोठा, मधला, बारीक, लुकलुक आणि एसओएस. प्रवाह क्षणभर तुटला की तऱ्हा बदलते. बांधावर ठेच लागते, सैल स्प्रिंग हलते आणि पुढ्यातला नाग लग्नाच्या डीजेत उभा असल्यासारखा लुकलुकायला लागतो. आणखी एक ठेच, की बॅटरी आपणहून मदतीची हाक देते, तीही मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या तारेच्या भाषेत. आपल्या शिवारात ती वाचणारं कोणी नाही, हा काही कंपनीचा दोष नव्हे.

मी हे सगळं करून बसलोय, म्हणून अधिकाराने सांगतो. लाईट गेली, मी दिमाखात बटण सरकवलं आणि सगळं घर पांढरंफटक झालं. आजी डोळ्यांवर पदर घेऊन म्हणाली, "अरे, मला बघतोयस की माझा एक्सरे काढतोयस?" दहा मिनिटांनी वास आला. प्लास्टिकच्या चकचकीत रिफ्लेक्टरला जाळीदार घावनासारखी भोकं पडत होती. विझवायला गेलो तर बटण सरकेना. खालची पट्टी चिकटून बसली होती. टोपी फिरवावी तर हात लावता येईना, कारण तोवर वर्तमानपत्र जळून गेलं होतं आणि उष्णतेला एकदाची वाट सापडली होती.

आजीने काही न बोलता कंदील लावला आणि आत जाऊन सांडशी घेऊन आली. तेव्हा मॉड्यूल मागवताना त्याच ऑर्डरमध्ये एक सांडशीही टाका. लांब दांड्यांची असलेली बरी.