नांगर आडवा, मशीन उभं : अण्णांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अण्णा, नमस्कार.

गवत कापायचं बसायचं मशीन (सीटवर बसून चालवतात ते) उतारावर वर-खाली चालवा, पंधरा अंशांच्या वरच्या उतारावर नेऊ नका आणि सीटचा पट्टा बांधा, असं मी लिहिलं आणि तुम्ही खाली चांगलाच दम भरलात. "चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय. उताराला आडवं जायचं हे शेंबडं पोरही सांगेल, तुम्ही वर-खाली चालवा म्हणता. पंधरा अंश काय कंपासपेटी घेऊन मोजायचे? पट्टा बांधल्यावर उडी कशी मारायची? आणि सोलापुरात उतार आहे कुठे?" एका दमात चार प्रश्न. उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

नांगर, कुळव, पाभर आडवीच चालवायची, यात वादच नाही. १९३३ पासून आपल्या सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. पाऊस रानातच मुरवायचा तर मशागत उताराला आडवी, हा त्यातला पहिला धडा. पण हा नियम पाण्यासाठी आहे, माणसासाठी नाही. आपल्या काळ्या रानाचा उतार शंभर फुटांत दोन-तीन फूट. तिथं ट्रॅक्टर गोल फिरवलात तरी कलंडत नाही. पंधरा अंश म्हणजे शंभर फुटांत जवळजवळ सत्तावीस फूट! शिवाय गवत कापताना माती उकरत नाही, मुळं जागेवरच राहतात, त्यामुळे माती वाहून जायची भीती इथं नाही.

मशीनची लांबी जास्त, रुंदी कमी. आडवं चालवलं की जास्त भार खालच्या दोन चाकांवर येतो आणि ते त्याच बाजूला उलटायला बघतं. म्हणून बसायचं मशीन वर-खाली. गंमत अशी की मागून ढकलायच्या मशीनचा नियम बरोबर उलटा: ते आडवंच चालवायचं. ते वर ढकलताना पाय घसरला तर मशीन अंगावर येतं, खाली नेताना घसरला तर पाय पात्याखाली जातो. तुम्ही घरी ढकलायचं मशीन आडवं चालवत असाल तर तसंच चालू ठेवा, फक्त त्यावरून बसायच्या मशीनचा हिशेब करू नका.

एक मात्र कबूल करतो. "वर-खाली चालवा" एवढंच लिहून मी सुटलो, ते अर्धवट होतं. खाली येणंही साधं नाही. बहुतेक मशीनना जोर आणि ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना, आणि उतरताना भार जातो पुढं. मागची चाकं हलकी होतात. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात एका मैदानाकडेच्या भरावावर मी हेच भोगलं. वरचं गवत वाळलेलं, खालची काळी माती लोण्यासारखी. वेग वाढतोय म्हणून घाबरून ब्रेक दाबला. चाकं जाम झाली आणि मशीन घसरगुंडीवरून यावं तसं खाली आलं. मुरमाचा ढीग आडवा होता म्हणून गटारात गेलो नाही. चूक माझीच. उताराला लागायच्या आधीच सगळ्यात कमी वेग धरायचा, न्यूट्रल करायचं नाही, ब्रेक दाबायचा तर हळूहळू. आणि पावसानंतर दोन दिवस तिकडं फिरकायचंच नाही. चढताना चाक जागेवर फिरायला लागलं तर पाती बंद करून सरळ हळू मागे उतरायचं, तिथंच वळायला जायचं नाही. वळण शक्यतो वरच्या सपाट जागेवर.

आता पंधरा अंश कसे मोजायचे ते. आधी मशीन उलटं घालून, म्हणजे रिव्हर्समध्ये, पाती बंद ठेवून कापायचा उतार चढून बघा. चढलं नाही, किंवा चढताना पोटात गोळा आला, तर तो उतार बसून कापायचा नाही. कंपासपेटीही लागत नाही. चार फुटी फळीचं एक टोक उताराला टेकवा, पाणसळ ठेवून फळी सपाट करा आणि दुसऱ्या टोकाखालची पोकळी मोजा. तेरा इंचांच्या वर गेली की पंधरा अंश ओलांडले. काही मशीनची मर्यादा त्याहूनही कमी असते. मशीनच्या पुस्तकात दिलेला आकडाच धरायचा.

मोजमाप झालं तरी आपल्याकडे एक चकवा उरतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि गवताखाली त्या दिसत नाहीत. दोन चाकांमध्ये तीन फुटांचं अंतर धरलं आणि खालचं चाक चार इंच भेगेत गेलं, तर कल एका झटक्यात सहा अंशांहून जास्त वाढतो. दहा अंशांचा उतार सोळाचा होतो, तोही मधेच. म्हणून मी आधी काठी घेऊन पायी फिरतो. दगड, वायरचे तुकडे, उंदरांची बिळं, सगळं तेव्हाच सापडतं.

आता पट्टा. सीटमागे लोखंडी कमान असेल आणि ती उभी केलेली असेल, तर पट्टा बांधायचाच. मशीन उलटलं की कमान जमिनीला टेकते आणि माणसाला तिच्या आतली जागा मिळते. पट्टा त्याला त्या जागेत धरून ठेवतो. उडी मारणारा माणूस बहुतेकदा मशीन ज्या बाजूला पडतं त्याच बाजूला पडतो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरना अशी संरक्षक रचना १९५९ मध्येच सक्तीची केली. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल, तर पट्टा बांधायचा नाही. बिनकमानीचं मशीन मी तरी उतारावर नेत नाही.

राहिलं सोलापूर. रान सपाट आहे, मान्य. पण पुलांचे भराव, हॉटेलांची लॉन, कॉलेजांची आवारं, तलावांचे बांध हे उतारच आहेत. आणि तुमचं शेततळं? तुम्ही लिहिलंत की दिवाळीआधी त्याच्या बांधावरचं गवत भाड्याच्या बसायच्या मशीननं काढणार आहात. तिथं मशीन नेऊ नका, अण्णा. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल चर, आणि भरावाची कड कधी दाबली जाऊन ढासळेल ते वरून कळत नाही. कडेपासून निदान दोन मशीनची रुंदी सोडायची म्हटलं तर बांधावर जागाच उरणार नाही. ब्रश कटर (हातात धरून गवत कापायचं यंत्र) घेऊन गडी लावा, एका दिवसात काम होईल. माझा कटर मोकळा आहे, रविवारी सकाळी घेऊन येऊ का?