"फक्त अध्यात्मानेच व्यसन सुटतं" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. व्यसन हा आत्म्याचा रोग आहे, औषधं म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणं, माणूस आतून बदलला की तलफ एका क्षणात जाते, आणि जो परत प्यायला लागला त्याचा बदल मुळात खोटाच होता. पुरावा म्हणून एएचे (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना) सहसंस्थापक बिल विल्सन यांचा अनुभव दिलाय.

बिलचंच आधी घेऊ. डिसेंबर 1934 मध्ये त्यांना तो लख्ख प्रकाशाचा अनुभव आला हे खरंय, पण आला कुठे? न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये, दारू सोडवायचे उपचार चालू असताना. हे मेसेजमधून बरोबर गाळलंय! आणि "एका क्षणात" म्हणाल तर एएच्याच मूळ पुस्तकाला 1941 मध्ये पुरवणी जोडावी लागली, कारण लोकांना वाटायला लागलं की असा धक्का बसल्याशिवाय खरं नाही. त्यात स्पष्ट लिहिलंय की बहुतेकांचा बदल हळूहळू होतो, आणि बऱ्याचदा तो त्या माणसाच्या आधी मित्रांना कळतो.

औषधांबद्दलचं तर सरळसरळ धोकादायक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर नसलेले किडे दिसतात, घाम फुटतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि यात जीवही जातो. अशा वेळी जपाला बसवू नका, हॉस्पिटलमध्ये न्या. "दुसरी नशा" म्हणाल तर नाल्ट्रेक्झोन या तलफ कमी करणाऱ्या औषधाने नशा होतच नाही. हेरॉइनच्या व्यसनावर दिलं जाणारं मेथाडोन ओपिऑइड (अफूच्या जातीचं औषध) आहे, मान्य, पण ठरलेल्या डोसवर माणूस धड कामावर जातो आणि ओव्हरडोसने मरायचा धोका कमी होतो. गंमत म्हणजे मेथाडोनचे उपचार सुरू करणाऱ्यांपैकी एक, डॉ. व्हिन्सेंट डोल, एएच्या विश्वस्त मंडळावर होते, आणि दारूसाठीही असं काही शोधा असं बिलनेच त्यांना सांगितल्याचं डोल यांनी लिहून ठेवलंय.

मग अध्यात्म फुकट का? अजिबात नाही. कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास होते, त्यात एएकडे वळवणाऱ्या ठरावीक पद्धतीच्या उपचारांनी वर्षभरानंतर पूर्ण बंद ठेवणारे साधारण 42 टक्के निघाले, सीबीटीसारख्या (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) इतर उपचारांनी 35. फायदा आहे, पण 35 म्हणजे शून्य नाही ना, मग "फक्त" कुठून आलं? आणि या फायद्यात मोठा वाटा पिणारी संगत सुटून न पिणारी माणसं भोवती येण्याचाही आहे, श्रद्धेचा वाटा जास्त गंभीर व्यसन असलेल्यांमध्ये ठळक दिसतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो शेवटच्या वाक्याचा. घसरला म्हणजे बदल खोटा, असं ऐकलेला माणूस स्लिप झाली की लपवणारच, मीटिंग टाळणार, स्पॉन्सरचा (एएमधल्या अनुभवी सोबत्याचा) फोन उचलणार नाही. त्यातून हेरॉइन असेल तर काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे जुनाच डोस, तोही एकट्याने बंद दाराआड घेतला, तर श्वास थांबू शकतो.